जंजिऱ्याचे सिद्दी: होडीत ऐकलेले आणि इतिहासात घडलेले

राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाची होडी निघते आणि जंजिऱ्याच्या दरवाजाशी लागते, तेवढ्या वेळात गाइड तीन शतके उरकतो. बावीस एकर, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षे, समुद्राखालून थेट राजपुरीला निघणारे भुयार आणि पंचधातूची म्हणून उन्हात न तापणारी कलालबांगडी तोफ. बावीस हा आकडा या मंडळींचा फार लाडका. मे महिन्यातल्या दुपारी कुठलाही धातू तापतो आणि भुयाराचा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. पण असल्या गोष्टींनी कुणाचे काही बिघडत नाही, सहलीला चव येते एवढेच.

बिघडते ते सिद्दींविषयीच्या समजांनी. शाळेच्या पुस्तकातला सिद्दी हा शिवाजी महाराजांच्या मोहिमेतला अडसर असतो आणि पर्यटनाच्या जाहिरातीतला सिद्दी हा अजिंक्य किल्ल्याचा गूढ आफ्रिकी मालक. दोन्हीकडे तो कोकणाबाहेरचाच राहतो. प्रत्यक्षात तीन शतकांहून अधिक काळ तो इथल्या वसुलीत, वतनदारीत, भांडणात आणि तहात होता. जुन्या मराठी कागदांत तर जंजिऱ्याच्या मुलखालाच 'हबसाण', म्हणजे हबशांचा मुलूख, म्हटलेले सापडते.

गैरसमज: सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आणलेले गुलाम

यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे आहे. तांबड्या समुद्राच्या आणि एडनच्या आखाताच्या बंदरांतून पोरे पकडून विकली जात आणि अरबी व्यापाऱ्यांमार्फत चौल, दाभोळसारख्या बंदरांत पोचत. दख्खनचे सुलतान त्यांना विकत घेत ते शेतात राबवायला नव्हे, फौजेसाठी. ज्याला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, जात नाही, तो धन्याशीच इमान राखील असा हिशेब होता. मग त्याला घोडा, हत्यार, तालीम मिळे. धनी मेला किंवा प्रसन्न झाला की मोकळीक मिळे आणि पुढे सरदारकीही. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामीचे चित्र इथे जसेच्या तसे बसत नाही.

म्हणून ही गुलामी सौम्य होती असे मात्र म्हणवत नाही. आईबापांपासून तोडलेल्या पोराचे नाव बदलले जाई, धर्म बदलला जाई आणि परतीची वाट उरत नसे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मलिक अंबर. मूळ नाव चापू, जन्म १५४८च्या सुमारास, आजच्या इथिओपियात. विकला जात जात तो बगदादला पोचला. तिथल्या धन्याने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. गंमत म्हणजे हा चंगीझखानही हबशीच, कधीकाळचा गुलाम. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढे निजामशाहीचा खरा कारभारी बनला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. जहांगीर बादशहाला त्याचा इतका संताप होता, की अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. १६२४च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. भोसले घराण्याची चढती सुरू झाली ती याच हबशी कारभाऱ्याच्या काळात, हे आपण सोयीने विसरतो.

गैरसमज: मलिक अंबर हाच जंजिऱ्याचा सिद्दी

नाही. जंजिरा निजामशाहीचे ठाणे होते, एवढाच संबंध. घोटाळा होतो तो नावाने, कारण जंजिऱ्यावरही सिद्दी अंबर नावाचा एक सरदार होऊन गेला. मलिक अंबर अहमदनगर-दौलताबादच्या राजकारणातला, १६२६ मध्ये वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

गैरसमज: जंजिरा सिद्दींनी बांधला

खडकावर पहिला कोट उभारला तो कोळ्यांनी, तोही लाकडी मेढेकोट. राम पाटील हा त्यांचा नायक. निजामशाहीचा सरदार पिरमखान याने दारूची पिंपे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचे सोंग केले आणि कोळ्यांना दारू पाजून कोट घेतला, ही कथा प्रसिद्ध आहे. दगडी काम १५६७ ते १५७१च्या दरम्यान निजामशाहीच्या बुऱ्हाणखानाच्या हाताखाली झाले. सिद्दींनी त्यात पुढे भर घातली आणि तो राखला.

गैरसमज: हबसाण म्हणजे मागास मुलूख, पुढे युरोपची वसाहत

आफ्रिकेचा नकाशा आपल्या डोक्यात बहुधा इंग्रजांनी रंगवलेला असतो. मूळचे हबसाण म्हणजे इथिओपिया. तिथे चौथ्या शतकात अक्सूमच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक राज्यांच्या कितीतरी आधी. त्यांची स्वतःची गीझ लिपी आहे. लालिबेलाला अखंड खडकात कोरलेली चर्चे आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला ती कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. जंजिऱ्याचे आरमार १६८९ मध्ये मुंबईला वेढा घालून बसले होते, तेव्हा तिकडे गोंडरच्या राजवाड्यांतून इथिओपियाचे सम्राट राज्य करत होते.

वसाहतीची गोष्टही सरळ नाही. शेजारचा इरिट्रिया १८९० मध्ये इटलीची वसाहत झाला. इथिओपियावर मात्र इटलीची फौज चालून गेली तेव्हा १८९६ मध्ये अदवा येथे सम्राट मेनेलिक दुसरा याने तिचा साफ पराभव केला. मुसोलिनीने १९३६ मध्ये तो देश बळकावला, पण १९४१ मध्ये इटालियन हाकलले गेले. आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या देशांना परकी झेंड्याखाली पिढ्या काढाव्या लागल्या, इथिओपियाला पाच वर्षे.

आणि सगळेच सिद्दी हबसाणातले नव्हेत. नंतरच्या काळात झांझिबार आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरूनही माणसे विकून इकडे आणली गेली, त्यात पोर्तुगीजांचा मोठा हात होता. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे नाते मुख्यतः बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांशी निघाले. इथिओपियाचा सरदार आणि मोझांबिकचा नोकर या दोघांना आपण एकाच नावाने हाक मारली, इतकेच.

गैरसमज: सिद्दी म्हणजे समुद्री चाचे

१६७० मध्ये जंजिऱ्याचा किल्लेदार फत्तेखान महाराजांशी तह करून किल्ला द्यायला निघाला होता. सिद्दी संबळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत या तिघांनी त्याला कैदेत टाकले आणि निजामशाहीनंतर धरलेली विजापूरची चाकरी सोडून औरंगजेबाचे पाठबळ मिळवले. तेव्हापासून हे आरमार मोगलांचे झाले. खर्चाला सुरतेच्या उत्पन्नातून रक्कम मिळे आणि हजच्या यात्रेकरूंच्या जहाजांचे रक्षण हे त्यांचे काम असे. याला चाचेगिरी म्हणायचे, तर त्या काळातले प्रत्येक आरमार चाच्यांचे ठरेल.

इंग्रजांना हे कडू अनुभवाने कळले. पावसाळ्यात सिद्दीची जहाजे मुंबईच्या माझगावात मुक्काम टाकत आणि ईस्ट इंडिया कंपनीला नाही म्हणता येत नसे. महाराजांनी १६७९ मध्ये थळसमोरचे खांदेरी बेट बांधायला घेतले, तेव्हा सिद्दी कासीमने लागलीच शेजारचे उंदेरी बेट धरून तिथे तोफा चढवल्या. पुढे कंपनीने औरंगजेबाशी भांडण उकरून काढले. त्यावर १६८९ मध्ये याकूतखान, म्हणजे हाच कासीम, शिवडीला उतरला आणि मुंबईचे इंग्रज वर्षभराहून अधिक काळ कोटात कोंडले गेले. बादशहाची माफी मागून, दंड भरून त्यांची सुटका झाली.

पण किनाऱ्यावरच्या रयतेने सिद्दीचा जाच सोसला तो खोटा नव्हे. सभासदाने आपल्या बखरीत त्याला घरातल्या उंदराची उपमा दिली ती उगीच नाही. गावे लुटली जात, माणसे धरून नेली जात. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी परंपरेने सांगतात, की त्यांचे वडील जंजिऱ्याच्या चाकरीत होते. सिद्दीने त्यांना ठार केले आणि बायकामुलांना समुद्रापार नेऊन विकण्याचा हुकूम दिला. राजापूर बंदरात मामाने पैसे मोजून त्यांना सोडवले. कधीकाळी विकल्या गेलेल्यांच्या राज्यात कोकणी माणूस असा विकायला निघत होता, ही या इतिहासातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते. पीडिताचा वारस पीडकच होणार नाही, अशी हमी कुठेच नसते.

गैरसमज: हे हिंदू-मुसलमानांचे युद्ध होते

मग पन्हाळ्याचे काय करायचे? १६६० मध्ये किल्ल्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हबशी, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावलेला सिद्दी हिलालही हबशी. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक सोबत्यांत सिद्दी इब्राहीम होता. महाराजांच्या आरमारात दौलतखानासारखे मुसलमान सरदार होते आणि जंजिऱ्याच्या दप्तरात ब्राह्मण आणि प्रभू कारकून लेखणी चालवत होते.

त्याहून मजेची गोष्ट श्रीवर्धनची. पेशव्यांचे भट घराणे तिथल्या देशमुखीचे वतनदार, म्हणजे सिद्दीच्या मुलखातले. बाळाजी विश्वनाथांचे सिद्दीशी बिनसले, त्यांना गाव सोडावे लागले आणि ते घाटावर आले. सिद्दीने त्यांना सुखाने देशमुखी करू दिली असती, तर पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला असता का, हा प्रश्न निदान गप्पांपुरता तरी चांगला आहे.

धर्माचा भाग नव्हताच असेही नाही. १७२७ मध्ये सिद्दी साताने चिपळूणजवळचे परशुरामाचे देऊळ उद्ध्वस्त केले. सुरुवात एका हत्तीवरून झालेल्या तंट्याने झाली, पण घाव देवळावर पडला आणि पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांनी तो विसरू दिला नाही. १७३३ मध्ये बाजीरावाने जंजिऱ्यावर मोहीम काढली. रायगड संभाजीराजांच्या पश्चात मोगलांकडून सिद्दीकडे गेला होता, तो याच वर्षी परत आला. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी साताला रणात मारले.

गैरसमज: जंजिरा शेवटपर्यंत अजिंक्य आणि स्वतंत्र

मराठ्यांच्या हाती तो पाण्यातला कोट आला नाही, हे खरे. महाराजांनी अनेकदा प्रयत्न केले, जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजीराजांनी खाडीत भराव घालून वाट करायला घेतली, पण मोगल फौज चालून आल्याने ते काम अर्धे राहिले. मात्र किल्ला टिकला तो तटाच्या जाडीपेक्षा माणसे निवडण्याच्या रीतीने, असे मला वाटते. इथले पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सिद्दी सरदारांत जो आरमार हाकू शकेल तो वर येई. फत्तेखानासारखी कच खाल्ली की बाजूला होई. नवाब हा किताब आणि घराणेशाही नंतरची, आणि सत्ता ओसरली तीही त्याच काळात. इंग्रजांना मग तोफ डागावीच लागली नाही. १८३४ मध्ये त्यांनी जंजिरा आपल्या अधिराज्याखाली असल्याचे जाहीर केले आणि तिथली टांकसाळ बंद केली. पुढचे नवाब मुरूडच्या टेकडीवरच्या राजवाड्यात राहिले. त्यातल्या एकाची बेगम नाझली हिने १९०८ मध्ये युरोपचा प्रवास करून उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. १९४८ मध्ये प्रजेच्या चळवळीच्या रेट्याने संस्थान भारतात विलीन झाले.

गैरसमज: मुरूडमध्ये सगळे सिद्दीच असतील

पर्यटक तिथे आफ्रिकी चेहरे शोधतात आणि हिरमुसतात. मुरूड-राजपुरीत भेटतात ते कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, नारळी-पोफळीच्या वाड्या राखणारी माणसे. सत्ताधारी सिद्दींची संख्या कायम थोडी होती आणि लग्नसंबंधांनी ते इथल्या मुसलमान समाजात मिसळून गेले. खोकरीच्या दगडी घुमटांखाली त्यांचे सरदार पुरलेले आहेत.

आजचे सिद्दी समाज दुसरीकडे आहेत. गीरच्या जंगलालगतचे जांबूर गाव त्यांचे. तिथल्या हिराबाई लोबी यांना बायकांच्या बचतीच्या आणि शेतीच्या कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कर्नाटकात यल्लापूर, हळियाळच्या रानात राहणारे सिद्दी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे आहेत, घरात कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जंजिऱ्याच्या नवाबाशी त्यांचा वंशसंबंध जोडायचे कारण नाही, त्यांचे पूर्वज बहुतेक गोव्याच्या पोर्तुगीजांकडून पळालेले किंवा सुटलेले.

महाराष्ट्रातही आफ्रिकेची एक वाट जंजिऱ्याबाहेरून गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये शिकली. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच. आफ्रिकेत वारलेला इंग्रजी संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टन याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. त्यानंतर शरणपूरचे बरेच जण मोंबासाजवळ, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने वसवलेल्या फ्रिअरटाउनमध्ये गेले. शिक्षक झाले, सुतार-लोहार झाले. केनियाच्या इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात.