लिंक कुठे नेणार, ते आधी कळायला हवं

बातम्यांच्या ॲपमध्ये एखाद्या लिंकवर बोट टेकवलं की पान उघडतं, पण आपण ॲपच्या बाहेर गेलेलो नसतो. वर पत्त्याची पट्टी बहुतेकदा नसतेच. असतं ते ॲपचं नाव आणि मागे जायचा बाण. हा ॲपच्या पोटात बसवलेला ब्राउझर. अँड्रॉइडवर त्याला वेबव्ह्यू म्हणतात. पुण्यात एका वाचनाच्या ॲपची अशी आतली पानं सांभाळणं हे माझं काम आहे.

आमच्या वाचकांत निवृत्त मंडळी पुष्कळ. सांगलीच्या एका काकांनी फोनवर विचारलं, “ताई, क्रोममध्ये लिंक दाबून धरली की तिचा पत्ता दिसतो. काही ॲपमध्ये मात्र कितीही दाबा, काहीच होत नाही. मग ती कुठे जाते ते मी ओळखायचं कसं?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता नेला तरी खिडकीच्या तळाशी पत्ता उमटतो. बोटाला असं अधांतरी राहता येत नाही. ते टेकतं किंवा टेकत नाही. म्हणून फोनवर ती सोय दाबून धरण्यात आली. वेबव्ह्यूला पान दाखवणारं इंजिन आयतं मिळतं, २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून ते क्रोमच्याच घराण्यातलं आहे. पण लिंक दाबल्यावर येणारा मेनू त्यासोबत येत नाही. तो ॲप बनवणाऱ्यानं स्वतः लिहायचा असतो. त्यानं तो लिहिला नाही, तर वाचकानं कितीही दाबून धरावं.

तो लिहिणं अवघड नाही, मात्र त्यात एक मेख आहे. बोट टेकलं की फोन वेळ मोजू लागतो. अँड्रॉइडवर साधारण ४०० मिलिसेकंद, आयफोनवर अर्धा सेकंद. तेवढ्यात बोट सरकलं तर तुम्हाला पान वरखाली करायचंय असं तो धरतो. वेळ भरली की ॲपनं वेबव्ह्यूला विचारायचं, बोटाखाली काय आहे? उत्तर येतं: लिंक, चित्र, फोन नंबर, ईमेल, आणि सोबत त्याचा पत्ता. पण चित्रालाच लिंक लावलेली असेल, तर या उत्तरात चित्राचा पत्ता येतो, लिंकचा नाही. जाहिराती आणि ‘आत्ता बिल भरा’ छापाची रंगीत बटणं पुष्कळदा अशी चित्रंच असतात. तिथे वेबव्ह्यूला दुसरा प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर मागाहून, वेगळ्या निरोपानं येतं. हा दुसरा प्रश्न गाळला तर वाचकाला एका निरुपद्रवी चित्राचा पत्ता दिसतो आणि तो निर्धास्त होऊन बटण दाबतो. मेनू मुळीच नसण्यापेक्षा मला हे जास्त घातक वाटतं.

मग पत्ता दाखवायचा कसा? फोनची रुंदी ती केवढी! लांब पत्ता शेवटाकडून कापून तीन टिंबं देणं सोपं असतं, आणि फसवणाऱ्यांना तेच हवं असतं. समजा, पत्ता आहे ‘माझीबँक डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’. सुरुवातीला बँकेचं नाव दिसतं, पण हा पत्ता ‘अमुकतमुक डॉट कॉम’च्या मालकाचा आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे पहिली एकटी तिरकी रेघ जिथे येते, तिथून डावीकडे, म्हणजे उलटं वाचत जायचं. खरा मालक तिथे सापडतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव शेवट जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत बँकांना तिकडे जायला सांगितलं. ही फार चांगली गोष्ट झाली, पण तो शेवट वाचकाच्या डोळ्यांना दिसला तरच तिचा उपयोग. म्हणून आमच्या मेनूत मालकाचा भाग ठळक आणि पूर्ण असतो, बाकीचा पत्ता हवा तर दोन ओळींत मोडतो. त्याखाली ‘कॉपी करा’, ‘पाठवा’ आणि ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’.

आयफोनचा प्रकार उलटा आहे. तिथे मेनू आपोआप येतो, पण सोबत पानाची झलकही येते, आणि झलक दाखवायची म्हणजे ते पान आणावंच लागतं. नुसता पत्ता बघू पाहणाऱ्याचा फोन त्या संशयास्पद ठिकाणी जाऊन आलेला असतो. २०१९ च्या आयओएस १३ पासून झलकेच्या जागी आपलं काही ठेवता येतं. आम्ही तिथे मोठ्या अक्षरांत पत्ता ठेवला.

काही जण दाबून धरण्याची वेळ स्वतःच ठरवतात. तसं करू नये. हात थरथरणाऱ्यांसाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हा अवधी वाढवता येतो. ॲपनं तोच मानायला हवा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक वापरणारे अंध वाचक दोनदा टेकवून दुसऱ्या वेळी बोट धरून ठेवतात, त्यांनाही हाच मेनू मिळायला हवा, आणि पत्ता ऐकूही यायला हवा.

मजकूर चोरीला जाऊ नये म्हणून दाबून धरणंच बंद करून टाकणारी ॲपही आहेत. ज्याला चोरायचंय तो स्क्रीनशॉट काढतो. अडतो तो फक्त सावध वाचक. असं ॲप हाती आलं तर वरच्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ शोधा. समोरचं पान क्रोम किंवा सफारीत न्या आणि लिंक तिथे दाबून धरा. तीन टिंबांतही काही सापडलं नाही, तर त्या पानावरून निदान पैसे तरी भरू नका.