प्लास्टर निघालं, आता पुढे काय?

गाडीच्या धडकेत पाय मोडला की सगळं घर प्लास्टर निघायच्या तारखेकडे डोळे लावून बसतं. ते निघालं की लगेच प्रश्न येतो, ‘कामावर कधी जाणार?’ पण खरी मेहनत तिथून पुढे असते.

नडगीचं हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर जास्तच. रॉड हाडाला फक्त धरून ठेवतो, जुळवायचं काम शरीर करतं. म्हणून पायावर भार कधी आणि किती द्यायचा, हे एक्स-रे पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या. विडी-सिगारेटने हाड उशिरा जुळतं; तंबाखू-मिश्रीही बंद ठेवा.

पडून राहिल्याने मांडी सुकते, गुडघा आखडतो. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि घरी रोज करा. संध्याकाळी पाय सुजणं कित्येक महिने चालतं. पाय उशीवर उंच ठेवा. मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली, दम लागला, जखमेतून पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर एक मिनिटही थांबू नका.

वस्तीत मोठी अडचण संडासाची. उकिडवं बसता येत नाही, म्हणून माणसं पाणी पिणं, जेवणं कमी करतात. असं करू नका. मधे भोक असलेली कमोड खुर्ची घ्या.

मनालाही मार लागलेला असतो. हॉर्न ऐकून दचकणं, झोप न लागणं, रस्ता ओलांडायची भीती, ‘मी घरावर ओझं झालो’ हा विचार. हा भित्रेपणा नव्हे. महिनाभरात कमी झालं नाही, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोला. मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला. घरच्यांनीही ‘किती दिवस पडून राहणार?’ असं म्हणू नये. बसून होणारं काम त्याच्या हाती द्या, घरातल्या निर्णयात त्याला विचारा.

एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं एकाच पिशवीत जपून ठेवा. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. पाय बरा व्हायची वाट पाहत बसलात, तर मुदत निघून जाईल.