श्रेणी गेली, अभ्यास टिकला

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुरुवातीच्या दोन वर्षांतली ए-बी-सी श्रेणी बंद करून फक्त ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ असा निकाल सुरू केला. श्रेणीची शेवटची तुकडी आणि बदलानंतरची पहिली तुकडी यांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. नव्या तुकडीचे मानसिक स्वास्थ्य पहिल्या तीन सत्रांत स्पष्टपणे चांगले होते. मुले अभ्यास सोडतील ही नेहमीची धास्ती खोटी ठरली: विषयांतले गुण, रुग्णालयातली कामगिरी, परवाना परीक्षेचे निकाल, तासांची हजेरी, कशातच लक्षणीय फरक पडला नाही. आपल्या अभ्यास मंडळांनी हे जरूर वाचावे.

याचा अर्थ चाचण्याच नकोत असा नाही. गुणांचे ओझे नसलेल्या चाचण्या तर हव्यातच. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के लक्षात होते, नुसत्या वाचलेल्यातले ४२ टक्के.