सापाच्या पेटीतील पांढरा डाग

इंग्लंड-अमेरिकेत हौसेने साप पाळणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. काचेच्या पेटीत ठेवलेला बॉल पायथन हा आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर फारसे खात नाही, आवाज करीत नाही आणि जागाही थोडीच व्यापतो. तथापि त्याची पेटी साफ करणाऱ्यास एक अडचण हटकून येते. काळपट विष्ठेबरोबर पेटीच्या तळाशी खडूसारखा पांढरा गोळा पडलेला असतो. ओला असेपर्यंत तो सहज उचलता येतो. पण एकदा वाळला म्हणजे काचेला असा घट्ट चिकटतो की, पाण्याने कितीही धुतला तरी त्याचा डाग जात नाही. हा पदार्थ कोणता, आणि पाण्याला तो दाद का देत नाही?

हा पदार्थ म्हणजे सापाचे मूत्रच होय. अन्नातील प्रथिनांचे विघटन झाले म्हणजे शरीरात नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये उरतात. बहुतेक मासे ती अमोनियाच्या रूपाने भोवतालच्या पाण्यात सोडून देतात. मनुष्य ती यूरियाच्या रूपाने बाहेर टाकतो. परंतु विरघळलेल्या यूरियाबरोबर पुष्कळ पाणीही खर्ची पडते. पक्षी, पाली व साप यांनी तिसरा मार्ग पत्करला आहे. त्यांच्या शरीरात यूरिक अम्ल तयार होते. यूरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, तर यूरिक अम्लाच्या रेणूत चार. शिवाय हे अम्ल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक ग्रॅम यूरिक अम्ल विरघळण्यास सुमारे १५ लिटर थंड पाणी लागते. म्हणून ते घन होऊन साचते, आणि सापाला बहुतेक पाणी परत शोषून घेता येते. जी युक्ती सापाचे पाणी वाचवते, तीच सफाई करणाऱ्याची वाट अडवते.

यूरिक अम्लाचा शोध स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७६ मध्ये मूतखड्यात लावला. पुढे १८१५ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने बोआ सापाच्या उत्सर्गाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात शेकडा ९० भाग यूरिक अम्ल आढळले. इतके विपुल यूरिक अम्ल देणारा पदार्थ हाती आल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशाळांत सापाच्या उत्सर्गाला मोठी मागणी असे.

आता सफाईकडे वळू. पांढरा डाग पाहून पुष्कळांना तो चुन्याचा वाटतो. नळावरील चुन्याचा थर लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतो, म्हणून तोच उपाय येथेही योजला जातो आणि तो फसतो. चुन्याचा थर अल्कधर्मी असतो, म्हणून त्यावर अम्लाची क्रिया होते. पण सापाचा पांढरा डाग स्वतःच अम्ल आहे. अम्लात तो अधिकच अविद्राव्य राहतो. त्याला अल्कच हवे. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून डागावर काही वेळ राहू दिला, तर यूरिक अम्लाचे सोडियम यूरेट हे लवण बनू लागते. ते मूळ अम्लापेक्षा कितीतरी अधिक विद्राव्य असल्याने डाग मऊ होतो आणि पुसून काढता येतो. कोरडा डाग मात्र खरवडू नये. त्याची बारीक धूळ उडून श्वासावाटे आत जाते.

डाग गेला म्हणजे काम संपले असे नव्हे. दिसायला निरोगी असलेल्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना त्यांपासून गंभीर आजार संभवतो. या जंतूंच्या नाशासाठी बहुधा क्लोरीनयुक्त ब्लीच वापरतात. परंतु घाण तशीच ठेवून त्यावर ब्लीच ओतल्यास दोन अनर्थ होतात. पहिला, ब्लीचची शक्ती घाणीवरच खर्च होऊन जंतू वाचतात. दुसरा, क्लोरीनची यूरिक अम्लाशी क्रिया होऊन सायनोजन क्लोराइडसारखे विषारी पदार्थ उत्पन्न होतात. पोहण्याच्या तलावांतील पाण्यासंबंधी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दिसून आले. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया पडला तर क्लोरअमाइनची विषारी वाफ निघते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम साप दुसऱ्या पेटीत हलवावा. हातमोजे घालून घन उत्सर्ग उचलावा, मग सोड्याच्या पाण्याने डाग काढावा, आणि साध्या पाण्याने पेटी स्वच्छ धुवावी. त्यानंतरच, खिडक्या उघड्या ठेवून, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात ब्लीच लावावे व तितका वेळ राहू द्यावे. अखेरीस पेटी पुन्हा धुऊन, वास पूर्ण गेल्यावर आणि कोरडी झाल्यावरच साप परत ठेवावा. हे धुणे स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही करू नये. आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

भारतात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यान्वये येथील नाग, अजगर इत्यादी साप घरी पाळता येत नाहीत. पण भिंतीवरील पालीच्या लेंडीच्या टोकाशी दिसणारा पांढरा ठिपका हाही यूरिक अम्लाचाच असतो. तो पुसताना पुसणाऱ्याच्या हाती तेच रसायनशास्त्र असते.