बदलीवाल्यांचं फाटक

लाँग बिन, दक्षिण व्हिएतनाम. एप्रिल 1969 मधला एक सोमवार. सायगावपासून तीसेक किलोमीटर. माती कोकणासारखी तांबडी. पाऊस अजून लांब, त्यामुळे धूळ कपड्यांत, ताटात, टाइपरायटरच्या कळांतही.

इथं अमेरिकी लष्कराची 90वी रिप्लेसमेंट बटालियन आहे. गिरणगावात बदली कामगार पहाटे दारात उभे राहायचे. हे तसलंच एक दार. आपण ज्याच्या मागे दिवसभर फिरणार तो टायपिस्ट मात्र कुणी एक खरा माणूस नाही. असं काम केलेल्या अनेकांच्या दिवसांवरून तो जुळवलाय. वय एकवीस.

पहाटे 4:30
दिवा लावतो, पंखा चालू करतो, मेणाची स्टेन्सिल रोलरवर चढवतो. हुकुमांच्या याद्या. नाव, हुद्दा, क्रमांक, कामाचा कोड. 11बी म्हणजे पायदळ. हा कोड इतक्यांदा येतो की बोटं न बघता तिथं पडतात. अक्षर चुकलं की बाटलीतला द्रव ब्रशानं लावायचा, फुंकर मारायची, वाळला की त्यावर पुन्हा टाइप करायचं. आपल्याकडे सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका ज्यांनी सोडवल्यात त्यांना तो वास आठवेल.

6:00
बिएन होआच्या विमानतळावरून बस येते. खिडक्यांना तारेची जाळी, बाहेरून कुणी हातबाँब आत टाकू नये म्हणून. आतली पोरं भाड्याच्या प्रवासी विमानातून आलीत. काही तासांपूर्वी हवाई सुंदरी त्यांना जेवणाचा ट्रे देत होती. आता घाम, डफल बॅग आणि त्या जाळीकडे बघणं. कुणी काही विचारत नाही.

7:30
पैसे बदलायचे. खिशातले हिरवे डॉलर जमा करा, लष्करी कागदी चलन घ्या. नाणं नाहीच, पाच सेंटचीही नोट, खेळातल्या व्यापाराच्या पैशांसारखी. डॉलर काळ्या बाजारात जाऊ नये हा हेतू. सरकारी भावानं एका डॉलरला 118 पियास्त्र मिळतात. बाहेर किती, ते तिथं कपडे धुणाऱ्या बायांना नेमकं ठाऊक असतं.

युद्धभत्ता महिन्याला 65 डॉलर. जंगलात रायफल घेऊन चालणाऱ्याला तेवढाच, टायपिस्टलाही तेवढाच. त्याबद्दल टायपिस्ट फारसं बोलत नाही.

8:30
नेमणूक होईपर्यंत नव्यांना रिकामं बसू देत नाहीत. काही वाळूची पोती भरतात. काहींच्या नशिबी संडास. खाली पिंपाचे अर्धे कापलेले तुकडे असतात, ते ओढून बाहेर काढायचे, डिझेल ओतायचं, पेटवायचं आणि लोखंडी दांड्यानं ढवळत राहायचं. काळा, जाड धूर. वारा फिरला की माणूस फिरतो, मग पुन्हा वारा फिरतो. समुद्रापार येऊन केलेलं पहिलं काम हे. घरच्या पत्रात ते बहुधा येत नसावं. पत्राला तिकीट मात्र लागत नाही. कोपऱ्यात हातानं ‘फ्री’ लिहिलं की झालं.

10:30
हजेरी. सार्जंट कर्ण्यावरून नावं वाचतो. पहिली डिव्हिजन. नववी. पंचविसावी, म्हणजे कू ची. डिव्हिजनमध्ये ब्रिगेड, तिच्यात बटालियन, मग कंपनी, प्लाटून आणि सगळ्यात खाली दहा-अकरा जणांचा स्क्वाड. या उतरंडीत कुठंतरी एक जागा रिकामी असते. तिथला माणूस मुदत संपून गेला, जखमी झाला की मेला, ते टायपिस्टच्या यादीत नसतं. यादीत फक्त 11बी, संख्या एक.

पलटणी वर्षानुवर्षं जागेवर राहतात. माणसं मात्र एकेक करून बदलतात. लष्करात प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या तारखेला सुरू होतं, वेगळ्या तारखेला संपतं. मरीन असाल तर तेरा महिने. कंपनीचा कप्तान साधारण सहा महिन्यांत हलतो. कुठं पाय टाकायचा हे कळू लागतं तेव्हाच. एकत्र शिकून आलेले दोन मित्र आज रांगेत शेजारी उभे आहेत. एकाला नववी, दुसऱ्याला पहिली. पाच मिनिटांत दोन ट्रक.

शेवटी सार्जंट विचारतो, टायपिंग कुणाला येतं? हात भराभर वर.

12:30
जेवण. सोमवार म्हणून मलेरियाची मोठी नारिंगी गोळी. पोट बिघडवते, म्हणून काही जण ती गुपचूप टाकून देतात.

14:00
परतणारे येतात. बुटांचं काळं कातडं घासून पांढरं पडलेलं. त्यांची झडती होते. आत शिरण्याआधी एक पेटी ठेवलेली असते. पिस्तूल, गोळ्या, गांजा, जे असेल ते टाका, कुणी नाव विचारणार नाही. मग कागदी चलन देऊन पुन्हा हिरवे डॉलर. एकजण नोट उलटसुलट करून बघतो.

17:30
त्याच जाळीच्या बसनं ते बिएन होआला जातात. विमानातून नवे उतरतायत. धुवट हिरवे कपडे आणि करकरीत हिरवे कपडे समोरासमोर. जाणारे ओरडतात, आकडे मोजून दाखवतात. येणारे जमिनीकडे बघतात.

21:30
टायपिस्टच्या खाटेवर, भिंतीला कॅलेंडर. चित्राचे 365 तुकडे, रोज एक रंगवायचा. आज रंगवल्यावर एकोणीस उरले. तोही असाच एका सकाळी हात वर केलेला. शाळेत टायपिंग शिकला होता.

शेजारच्या टेबलावर सकाळच्या रांगेतला एक जण ठेवून घेतलाय. दोन बोटांनी टाइप करतो. तिसऱ्याच नावाला चुकतो, स्टेन्सिल उपसू लागतो.

टायपिस्ट त्याचा हात धरतो. बाटली पुढे सरकवतो. म्हणतो, फुंकर मार, वाळू दे.