परतणाऱ्या विमानांची वाट पाहणारा मनोरा

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात थॉर्प ॲबट्स नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शेतांच्या मधोमध सपाट छपराची एक दुमजली इमारत उभी आहे. वास्तुकलेच्या दृष्टीने तिच्यात नाव घेण्यासारखे काही नाही. तरीही ती जिवापाड जपण्यात आली आहे. कारण दुसऱ्या महायुद्धातील एका लष्करी विमानतळाचा हा नियंत्रण मनोरा आहे.

जून १९४३ मध्ये अमेरिकेच्या आठव्या वायुदलातील शंभरावा बॉम्बफेकी गट येथे दाखल झाला. चार इंजिनांची 'बी-१७' विमाने, प्रत्येकात साधारण दहा जणांचा चमू आणि मोहीम जर्मनीवर भरदिवसा हल्ल्याची. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओचा वापर शक्यतो टाळला जाई. उड्डाणाचे संकेत रंगीत प्रकाशबाणांनी दिले जात. परतीच्या विमानातून लाल प्रकाशबाण सुटला, की आत जखमी आहेत हे ओळखून रुग्णवाहिका धावत. मनोऱ्याच्या सज्जात उभे राहून अधिकारी आकाशाकडे डोळे लावीत आणि परतलेली विमाने मोजीत.

१० ऑक्टोबर १९४३ रोजी ही मोजणी एकावरच थांबली. म्युन्स्टर शहरावरील हल्ल्यात या गटाची १३ विमाने लक्ष्यापर्यंत गेली होती. परतले ते केवळ रॉबर्ट रोझेन्थाल यांचे. त्याचीही दोन इंजिने निकामी झाली होती. एका दुपारी सुमारे १२० माणसे तळावरून नाहीशी झाली. काही मृत्युमुखी पडली, काही युद्धकैदी झाली. या गटाला 'रक्तबंबाळ शंभरावा' हे नाव पडले, ते अशाच दिवसांमुळे.

युद्धकाळातील असे तळ घाईने आणि तात्पुरते म्हणून बांधलेले असत. शांतता नांदू लागताच धावपट्ट्यांचे काँक्रीट उखडले गेले, जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. थॉर्प ॲबट्सचा तळ १९५६ मध्ये बंद झाला. विमानेच नाहीत, तर मनोरा कोणाच्या उपयोगाचा? त्याची पडझड होत राहिली.

इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने ऐतिहासिक वास्तूंची सूची करण्याची व्यवस्था झाली. सूचीतील वास्तू परवानगीवाचून पाडणे वा तिचे स्वरूप बदलणे हा गुन्हा ठरतो. युद्धकालीन काही मनोऱ्यांना असे संरक्षण मिळालेही. मात्र केवळ कायद्याने वास्तू जगत नाही. छप्पर गळू लागले, की ते दुरुस्त करणारे हात लागतात. थॉर्प ॲबट्सला ते हात स्थानिक रहिवाशांचे मिळाले. १९७७ मध्ये स्वयंसेवकांनी डागडुजी हाती घेतली आणि १९८१ मध्ये मनोऱ्यात स्मारक संग्रहालय सुरू झाले.

२०२४ मध्ये 'मास्टर्स ऑफ द एअर' या मालिकेने या गटाची कथा जगभर पोहोचविली. त्या सज्जातून आज केवळ शेते दिसतात. पण जी विमाने परतलीच नाहीत, त्यांची वाट कोठे उभे राहून पाहिली गेली, हे सांगणारी एक जागा अजून शिल्लक आहे.