बोलावलेल्या माणसांची गर्दी

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवसाचा तपशील आता पुसट होत चालला आहे, म्हणून तो पुन्हा नीट मांडायला हवा. रेवदंड्याचे अप्पासाहेब धर्माधिकारी यांचा सत्कार होता. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा प्रमुख पाहुणे, तर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व्यासपीठावर. मैदान ३०६ एकरांचे आणि त्यावर लाखो श्रीसदस्य, म्हणजे अप्पासाहेबांचे अनुयायी, त्यांतले कितीतरी आदल्या रात्रीच येऊन बसलेले. व्यासपीठावर छत होते, समोरचा अफाट समुदाय मात्र उघड्यावर. पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि त्यात किनारपट्टीचा दमटपणा, ज्यात घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. मृतांपैकी बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न गेलेले नव्हते, असे शवविच्छेदनातून पुढे आले. सोहळा मात्र ठरल्याप्रमाणे भर दुपारपर्यंत चालून पार पडला.

त्यानंतर जे बोलले गेले ते ओळखीचे होते. ऊन अचानक वाढले, लोक अपेक्षेपेक्षा जास्त आले, ते श्रद्धेने आणि स्वखुशीने आले. यातले एकेक कारण तपासून पाहावे. एप्रिलच्या मध्यात कोकणात ऊन असते, यात अचानक असे काय आहे? कार्यक्रम सरकारचा होता. त्याच सरकारने जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २४ मार्चला, आशा भोसले यांना हाच पुरस्कार गेटवे ऑफ इंडियापाशी संध्याकाळी दिला होता. म्हणजे संध्याकाळची वेळ निवडणे अशक्य नव्हते. लोक जास्त आले म्हणावे, तर ३०६ एकरांचे मैदान लाखोंच्या अंदाजाशिवाय कोणी घेत नाही. संख्या आधी ठाऊक होती, तिची जाहिरातही झाली होती. मग सावली, पाणी आणि बाहेर पडण्याची वाट यांचा हिशेब त्याच संख्येने का झाला नाही, हा प्रश्न उरतो.

स्वखुशीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात तथ्य आहे. श्रीसदस्य मनापासून आले होते. त्यांची शिस्तही वाखाणण्यासारखी. पण नेमकी हीच गोष्ट सरकारी स्पष्टीकरणाच्या विरुद्ध जाते. आपल्याकडे दुर्घटना झाली की गर्दी बेभान झाली असे म्हणण्याची सवय आहे. चेंगराचेंगरीचे आरोप तेव्हा झाले आणि सरकारने ते फेटाळले. सरकारचेच म्हणणे खरे धरले, तर खारघरला बेभान गर्दी नव्हतीच. सांगितले तिथे बसून राहणारी, कार्यक्रम संपेपर्यंत न उठणारी माणसे होती. त्यांची शिस्त त्यांच्या जिवावर उठली. आज्ञाधारक माणसांना भर उन्हात बसवणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, कारण ती माणसे स्वतःहून उठून जाणार नाहीत हे त्याला आधीपासून माहीत असते.

मागे वळून पाहिले तर ही गोष्ट खारघरला सुरू झालेली नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला. लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ माणसे चिरडून मेली, त्यांत बायका आणि लेकरे सर्वाधिक. तो सोहळा नव्हता, पण माणसे एका टोकाला अडवून ठेवायची आणि मागे फिरायला जागा ठेवायची नाही, ही पद्धत तिथे उघडी पडली. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात शाही स्नानाच्या वेळी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० माणसे दगावली. तिथल्या पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या, वाट दोन्ही बाजूंच्या दुकानांनी आवळलेली होती आणि चढणारे नि उतरणारे एकमेकांत अडकले होते. यांपैकी कोणती गोष्ट यात्रेच्या सकाळी उगवली? यात्रा दरवर्षी शाकंभरी पौर्णिमेलाच भरते, आणि दुकाने कुठे लागतात हे स्थानिक प्रशासनाला पाठ असते. न्यायमूर्ती कोचर आयोगापुढे पुढे या गोष्टी आल्या, पण त्या आयोगाशिवायही दिसत होत्या.

इथे कोणी म्हणेल, इतकी माणसे एकत्र आली की धोका राहणारच, आणि कडक बंदोबस्त केला तरी लोक तक्रार करतात. हे खरे आहे. २०१५च्या सिंहस्थात पहिल्या शाही स्नानाला इतकी अडथळ्यांची तटबंदी उभी राहिली की भाविकांना मैलोन्‌मैल चालावे लागले. अपेक्षेच्या मानाने गर्दीच कमी झाली आणि पुढच्या पर्वण्यांना बंदोबस्त सैल करावा लागला. पण त्या वर्षी २००३ची पुनरावृत्ती झाली नाही, हे यश प्रशासनाला मोकळेपणाने दिले पाहिजे. शिवाय चूक दिसल्यावर पुढच्या पर्वणीपूर्वी ती सुधारता येते, हेही तिथेच सिद्ध झाले. अशी सुधारणा अपवादाने होते, हे खरे दुखणे आहे. खारघरनंतर दोनच महिन्यांनी, ११ जून २०२३ रोजी, आळंदीत माउलींच्या पालखीच्या प्रस्थानावेळी वारकरी आणि पोलीस यांच्यात झटापट झाली. आदल्या वर्षीची रेटारेटी लक्षात घेऊन ५६ मानाच्या दिंड्यांना प्रत्येकी ७५ जणांनाच मंदिरात प्रवेश ठरला होता. हेतू योग्य होता. लाठीमार झाला नाही असे सरकारने सांगितले. तरी पोलिसांनी वारकऱ्यांना ढकलल्याची दृश्ये महाराष्ट्राने पाहिली. नियम करणाऱ्याने तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या गळी आधी उतरवला नाही की शेवटी तो दरवाजावरच्या शिपायाच्या हाताने राबवला जातो.

आणि गर्दी मुळात आवरता येत नाही, हा समज तर वारीच खोटा ठरवते. हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेल्या शिस्तीने ज्ञानेश्वरांचा सोहळा आजही चालतो. दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढच्या कोणत्या आणि रथामागच्या कोणत्या हे ठरलेले आहे. समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की लाखांचा समुदाय गप्प होतो. दिंडीत प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीचा असतो, त्याच्या जेवणाची, मुक्कामाची आणि आजारपणाची काळजी कोणावर तरी सोपवलेली असते. वारीत हाल नसतात असे नाही. पण तिथे माणूस आधी असतो आणि आकडा नंतर. सरकारी आणि राजकीय सोहळ्यांत हे उलटे झाले आहे. समोर किती जमले यावर सोहळ्याचे मोल ठरते, त्यामुळे माणसे आणण्यावर सगळी ताकद लागते आणि ती आल्यानंतरचे काम कोणाचेच उरत नाही. मुंबईतल्या प्रसिद्ध गणपतींच्या दर्शनरांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या बाईला पायापाशी पोचताच मानेला धरून बाजूला सारले जाते आणि शेजारच्या रांगेतून मान्यवर निवांत फोटो काढून घेतात, त्यामागेही हीच दृष्टी आहे. अपमान आणि अपघात यांना वेगळे मोजणे मला पटत नाही. ज्याला ढकलणे गैर वाटत नाही, त्याला उन्हात बसवणेही गैर वाटत नाही.

४ जून २०२५ रोजी बंगळुरूत क्रिकेटच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले, तेव्हा सुमारे ३५ हजारांच्या मैदानासाठी लाखोंना ओढून आणले गेले होते. ठिकाण वेगळे, घडण तीच.

खारघरनंतर एका वरिष्ठ अधिकाऱ्याची एकसदस्यीय समिती नेमली गेली, मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर झाले आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे सरकारने ठरवले. हा निर्णय चांगला होता, पण तो घड्याळापुरता. सावली किती माणसांमागे किती, पाणी किती अंतरावर, आजारी माणसाला गर्दीतून बाहेर काढायला किती वेळ लागेल आणि मुख्य म्हणजे प्रमुख पाहुणे बोलत असतानाही कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला पुन्हा सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत आणि त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आहे. घाट वाढतील, रस्ते रुंद होतील, तरी बहुतेकांची ओढ रामकुंडाकडे आणि कुशावर्ताकडेच असेल. प्राधिकरणाने प्रत्येक घाटाची माणसे मावण्याची मर्यादा, परतीची वाट आणि प्रवेश रोखण्याचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पर्वणीच्या निदान महिनाभर आधी मराठीत आणि हिंदीत जाहीर करावे. दुर्घटना झालीच, तर चौकशी त्या कागदापासून सुरू करता येईल.